एमराल्ड बे स्टेट पार्क: लेक ताहोच्या काठावर काय करता येतं, काय करता येत नाही आणि प्रत्येक नियमामागचं कारण काय?

२१ जून २०२५, शनिवार. कॅलिफोर्नियातल्या लेक ताहोवर उन्हाळी सुट्टीची गर्दी होती. दुपारी अचानक वारा सुटला, वादळ आलं आणि बघता बघता सरोवरात समुद्रासारख्या लाटा उसळल्या. डी. एल. ब्लिस स्टेट पार्कजवळ २७ फुटी मोटरबोट उलटली. बोटीवर १० जण होते, त्यातल्या ८ जणांचा मृत्यू झाला. जे दोघं वाचले, त्या दोघांनीही लाइफ जॅकेट घातलेलं होतं.

डी. एल. ब्लिस आणि त्याला लागूनच असलेलं एमराल्ड बे ही कॅलिफोर्नियातली सगळ्यात जास्त फोटो काढली जाणारी स्टेट पार्क्स म्हणता येतील. हिरवट निळं पाणी, मधोमध छोटंसं बेट, मागे बर्फाचे डोंगर. ही रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी तर हे चार तासांच्या ड्राइव्हवरचं ठिकाण आहे. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की, योसेमिटीच्या बरोबरीनं ताहोचा बेत हमखास ठरतो.

पण रीलमध्ये न दिसणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे तिथल्या नियमांची पाटी. कुत्रा नको, शेकोटी नको, बेटावर आत्ता जाऊ नका, डबा उघडा ठेवू नका. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही यादी कटकटीची वाटते. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक नियमांमागे आधी घडून गेलेली एखादी घटना किंवा सरोवराला झालेलं नुकसान आहे. म्हणूनच या लेखात नियम आणि त्यामागचं कारण, दोन्ही समजून घेऊया.

आधी जागा समजून घेऊ

लेक ताहो हे सिएरा नेवाडा पर्वतरांगेतलं सरोवर. त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग कॅलिफोर्निया राज्यात, तर उरलेला नेवाडा राज्यात आहे. लांबी सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी १९ किलोमीटर. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून जवळपास १,९०० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे ताहोच्या काठावर उभं राहिलात की, तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जास्त उंचीवर असता.

आणि खोली? जास्तीत जास्त ५०१ मीटर. अमेरिकेत याहून खोल एकच सरोवर आहे, ते म्हणजे ओरेगन राज्यातलं क्रेटर लेक.

या परिसरात पिढ्यानपिढ्या राहणारे लोक म्हणजे वॉशो. त्यांच्या भाषेत सरोवराला ‘दा ओ’ म्हणतात. बाहेरून आलेल्यांनी हा उच्चार आपापल्या परीनं केला आणि त्याचं ‘ताहो’ झालं.

एमराल्ड बे हा सरोवराच्या नैऋत्य कोपऱ्यातला छोटा उपसागर. हिमनदीनं कोरलेली ही दरी नंतर पाण्यानं भरली. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं १९६९ मध्ये या जागेला राष्ट्रीय नैसर्गिक वारसास्थळाचा दर्जा दिला. उपसागरातलं फॅनेट बेट हे अख्ख्या लेक ताहोमधलं एकमेव बेट आहे. काठावर ३८ खोल्यांचा ‘व्हायकिंग्सहोम’ हा वाडा उभा आहे. लोरा जोसेफिन नाइट या श्रीमंत महिलेनं १९२९ मध्ये तो स्कँडिनेव्हियन पद्धतीनं बांधून घेतला. बेटाच्या माथ्यावर दगडी खोलीचे अवशेष दिसतात, ते त्यांचं ‘टी हाउस’. म्हणजे खास चहा प्यायला होडीनं जायचं ठिकाण!

स्टेट पार्क म्हणजे नेमकं काय?

इथे अनेकांची गल्लत होते. अमेरिकेत नॅशनल पार्क केंद्र सरकारकडे असतं, तर स्टेट पार्क त्या त्या राज्याकडे. योसेमिटी नॅशनल पार्क आहे. एमराल्ड बे आणि डी. एल. ब्लिस ही कॅलिफोर्निया राज्याच्या पार्क विभागाची आहेत. त्यामुळे नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही. पार्किंगचे पैसे वेगळे भरावे लागतात.

ताहोच्या काठावर आणखी एक गुंता आहे. एका किनाऱ्यावर राज्याची मालकी, पुढच्यावर केंद्राच्या फॉरेस्ट सर्व्हिसची, त्यापलीकडे एखाद्याची खासगी जमीन आणि सीमा ओलांडली की नेवाडा. प्रत्येकाचे नियम थोडे थोडे वेगळे. या दोन राज्यांमध्ये समन्वय राहावा म्हणून १९६९ मध्ये झालेल्या करारातून ताहो रीजनल प्लॅनिंग एजन्सी ही संस्था स्थापन झाली. बोटींचा वेग, इंजिनांचे प्रकार, किनाऱ्यालगतची बांधकामं हे विषय तिच्या अखत्यारीत येतात.

थोडक्यात, ‘काल त्या बीचवर चाललं होतं’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. ज्या जागी आहात, तिथली पाटी वाचायची.

पाण्यात काय करता येतं?

पोहणं, कयाक, पॅडलबोर्ड, मोटरबोट, मासेमारी, स्कूबा डायव्हिंग हे सगळं करता येतं. नियम मात्र प्रत्येकाचे वेगळे आहेत.

कयाक आणि पॅडलबोर्ड: फॅनेट बेटाला होडीनं फेरी मारणं हा इथला सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम. सकाळी पाणी शांत असतं, दुपारनंतर वारा वाढतो. म्हणून अनुभवी लोक सकाळी लवकर पाण्यात उतरतात आणि दुपारच्या आत परततात. पॅडलबोर्ड दिसायला खेळण्यासारखा असला तरी पोहण्याच्या राखीव पट्ट्याबाहेर गेलात की, कायद्याच्या दृष्टीनं ती बोटच आहे. त्यामुळे लाइफ जॅकेट सोबत हवंच.

मोटरबोट: काठापासून ६०० फुटांच्या आत वेगमर्यादा ताशी ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर आहे. एमराल्ड बेमध्ये तर संपूर्ण उपसागरच या संथ पट्ट्यात येतो. अरुंद जागेत कयाकवाले, पोहणारे आणि मोटरबोटी एकत्र असतात. बोटीच्या वेगानं उठणाऱ्या लाटांनी छोट्या होड्या उलटू शकतात आणि काठाची मातीही सुटते. शिवाय कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून स्वतःची मोटरबोट चालवणाऱ्या प्रत्येकाकडे परीक्षा देऊन मिळवलेलं बोटर कार्ड असणं सक्तीचं आहे.

मासेमारी: १६ वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला परवाना लागतो. गळ मित्राचा असला तरी परवाना तुमचा हवा.

स्कूबा: एमराल्ड बेच्या तळाशी जुन्या मालवाहू नौका आणि एकेकाळच्या रिसॉर्टच्या लहान होड्या पडून आहेत. २०१८ मध्ये तिथे पाण्याखालचा वारसा मार्ग खुला झाला. कॅलिफोर्नियातला हा असा पहिलाच मार्ग. खाली उतरून बघायला परवानगी आहे, वस्तू उचलायला नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे १,९०० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असतो. समुद्रकिनारी शिकलेली डायव्हिंगची वेळापत्रकं इथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. उंचीवरच्या डायव्हिंगचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं.

फॅनेट बेट: १ फेब्रुवारी ते १५ जून या काळात बेटावर उतरायला बंदी असते. हंस जातीचे पक्षी, म्हणजे कॅनडा गूज, या काळात तिथे अंडी घालतात. उरलेल्या दिवसांत फक्त दिवसा जाता येतं. कुत्र्याला कधीच नेता येत नाही.

लाइफ जॅकेटचा नियम आणि थंड पाण्याचं गणित

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो की, बोटीवर जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेट असलीच पाहिजेत. २६ फूट किंवा त्याहून लहान बोट चालू असताना १३ वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट अंगात घातलेलं असलं पाहिजे. जेट स्कीवर सगळ्यांनीच घालायचं. पण साध्या बोटीवरच्या मोठ्या माणसाला कायदा जॅकेट बाळगायला सांगतो, घालायला नाही.

म्हणजे नियम पाळूनही माणूस संकटात सापडू शकतो. कारण बोट उलटते तेव्हा सीटखाली ठेवलेलं जॅकेट शोधायला वेळ नसतो आणि पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणं जवळपास अशक्य असतं.

यात पोहता येणं-न येणं हा मुद्दा दुय्यम आहे. खरा शत्रू आहे पाण्याचं तापमान. ऐन उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये काठाजवळचं वरवरचं पाणी १८ ते २० अंशांपर्यंत जातं. जूनमध्ये ते याहून बरंच थंड असतं. बाहेर ऊन, अंगात टी-शर्ट आणि खाली डोंगरावरच्या बर्फाचं पाणी, असा हा प्रकार. ऊबदार पाण्याचा थर पातळ असतो. वारा सुटला की तो ढवळून निघतो आणि खालचं गार पाणी वर येतं.

अशा पाण्यात अचानक पडल्यावर शरीर सर्वात आधी काय करतं? मोठ्यानं श्वास आत ओढतं. ही प्रतिक्रिया आपल्या ताब्यात नसते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जातं. याला कोल्ड शॉक म्हणतात आणि उत्तम पोहणाऱ्यांचाही जीव यात जातो.

अतिथंड पाण्यासाठी बचाव प्रशिक्षणात ‘१-१०-१’ हे सूत्र शिकवतात. पहिलं १ मिनिट श्वासावर ताबा मिळवण्याचं. त्यानंतर साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, नंतर स्नायू साथ सोडतात. आणि शरीराचं तापमान घसरून शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. या सूत्राचा अर्थ नीट बघा. माणसाकडे तासाभराचा अवधी असतो, पण त्यातली पहिली दहा-अकरा मिनिटं सोडली तर उरलेल्या वेळात तो स्वतःच्या बळावर तरंगू शकत नाही. तो अवधी जॅकेट मिळवून देतं. त्याचं काम आहे मदत येईपर्यंत तोंड पाण्याबाहेर ठेवणं.

पाण्यात पडलातच तर लगेच हातपाय मारू नका. आधी पाठीवर तरंगा, श्वास जागेवर येऊ द्या, मग बोटीला किंवा पॅडलबोर्डला धरा. बोट तरंगत असेल तर ती सोडून काठाकडे पोहत निघू नका.

दुसरा धोका पारदर्शक पाण्याचा. तळ स्वच्छ दिसतो, त्यामुळे तो जवळ आहे असं वाटतं. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाणी आहे त्यापेक्षा उथळ भासतं, हे आपण शाळेत शिकलोय. रुबिकॉन पॉइंटजवळ तर काठापासून थोड्याच अंतरावर तळ अचानक खोल कोसळतो. ‘कमरेएवढंच पाणी आहे’ म्हणून पुढे टाकलेलं पाऊल अधांतरी पडू शकतं. आणि किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच, असं गृहीत धरू नका.

जमिनीवर काय करता येतं?

व्हायकिंग्सहोमची वाट: हायवे ८९ वरच्या पार्किंगपासून वाड्यापर्यंत साधारण १ मैल, म्हणजे १.६ किलोमीटरचा उतार आहे. जाताना मजेत जाल. खरी परीक्षा परतताना. ४०० ते ५०० फुटांची चढण, म्हणजे चाळीसेक मजले चढण्यासारखं काम आणि तेही विरळ हवेत. गुडघ्याचा, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी वरच्या व्ह्यू पॉइंटवरूनच दृश्य बघितलेलं बरं. ते तिथूनच जास्त सुंदर दिसतं.

रुबिकॉन ट्रेल: एमराल्ड बेपासून डी. एल. ब्लिसपर्यंत सरोवराच्या काठाकाठानं जाणारी वाट. एका बाजूचं अंतर सात किलोमीटरच्या आसपास. पाणी, टोपी आणि वाऱ्यापासून वाचवणारं जॅकेट सोबत ठेवा.

ईगल फॉल्स: रस्त्यालगतचा धबधबा. वसंतात बर्फ वितळू लागलं की त्याला प्रचंड जोर असतो. ग्रॅनाइटचा ओला दगड काचेसारखा निसरडा होतो. धबधब्याच्या कडेवर फोटोसाठी उभं राहणाऱ्यांचे इथे जीव गेले आहेत.

कुत्रे: पट्टा ६ फुटांपेक्षा लांब नको. कुत्र्यांना कॅम्पसाइट आणि डांबरी रस्त्यांवर परवानगी आहे, पायवाटांवर आणि किनाऱ्यावर नाही. रात्री त्यांना तंबूत किंवा गाडीत ठेवावं लागतं. कुत्र्याच्या वासानं वन्यजीव बिथरतात आणि मोकळा कुत्रा अस्वलासमोर आला तर पळत मालकाकडेच येतो, अस्वलाला मागे घेऊन.

हिवाळ्यात चित्र पूर्ण बदलतं. कॅम्पसाइट बंद होतात आणि हिमस्खलनाच्या धोक्यामुळे एमराल्ड बेजवळचा हायवे ८९ अनेकदा बंद ठेवला जातो. निघण्याआधी रस्ता चालू आहे की नाही, हे तपासणं गरजेचं असतं.

लोणच्याची बरणी आणि अस्वल

ताहोच्या जंगलात काळी अस्वलं आहेत आणि त्यांचं नाक विलक्षण तीक्ष्ण आहे. कॅम्पसाइटवर प्रत्येक जागेला लोखंडी पेटी दिलेली असते, तिला बेअर लॉकर म्हणतात. वास येणारी प्रत्येक वस्तू त्यात ठेवायची. फक्त जेवण नाही, तर टूथपेस्ट, साबण, क्रीम, लहान मुलांचे वाइप्स, कुत्र्याचं खाणं, रिकामा आइसबॉक्ससुद्धा.

मराठी घरातून निघालेल्या पिशवीत चिवडा, चकल्या, थेपले, लोणच्याची बरणी हे असतंच. आपल्याला डबा घट्ट बंद वाटतो. अस्वलाला तो वास दूरवरून कळतो. ‘गाडीत ठेवलंय, काच बंद आहे’ हेही उत्तर नाही. ताहोची अस्वलं गाडीचं दार उघडतात आणि आत अडकली तर गाडीचा आतला भाग फाडून काढतात.

हा नियम माणसांसाठी जितका आहे, तितकाच अस्वलासाठी. २०२२ मध्ये ‘हँक द टँक’ हे नाव जगभर व्हायरल झालं होतं, आठवतंय? साउथ लेक ताहो भागात घरं फोडून खाणारं सुमारे २२५ किलोचं अस्वल. त्याला ठार मारण्याची चर्चा सुरू झाली होती. मग डीएनए तपासणीत समजलं की, हा एका अस्वलाचा उद्योग नाही, किमान तीन अस्वलं घरं फोडतायत. त्यातली एक मादी ऑगस्ट २०२३ मध्ये तीन पिल्लांसह पकडली गेली. तिला कोलोरॅडोतल्या अभयारण्यात पाठवलं आणि पिल्लांना तिच्यापासून वेगळं करून पुनर्वसन केंद्रात ठेवलं गेलं.

माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुन्हा जंगलात रमत नाही. अशा अनेक अस्वलांचा शेवट बंदुकीच्या गोळीनं होतो. तुम्ही उघडा ठेवलेला डबा त्या साखळीतली पहिली कडी असू शकतो. अस्वलाला खाऊ घालणं हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे.

समोर अस्वल आलंच तर पळू नका. मुलांना जवळ घ्या, हात वर करून मोठे दिसा, मोठ्यानं ओरडा आणि त्याला निघून जायला वाट ठेवा.

शेकोटी: एका चुकीत २५४ घरं

सरोवराकाठी कॅम्पफायर, गिटार, मॅगी. रीलसाठी एकदम भारी. पण पार्कमध्ये आग फक्त ठरवून दिलेल्या लोखंडी कड्यात लावता येते आणि कोरड्या दिवसांत तीही बंद होते. जमिनीवर पडलेली सुकी लाकडं गोळा करायलाही बंदी आहे. ती लाकडं कुजूनच जंगलाची माती तयार होते, किड्यांना आणि पक्ष्यांना आसरा मिळतो.

नियम इतका कडक का? २४ जून २००७ रोजी सरोवराच्या दक्षिणेला कुणीतरी बेकायदा शेकोटी पेटवली आणि ती नीट न विझवता निघून गेलं. वाऱ्यानं आग पसरली. ‘अँगोरा फायर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वणव्यात २५४ घरं जळाली.

ऑगस्ट २०२१ मध्ये ‘कॅल्डोर फायर’ नावाचा वणवा डोंगर ओलांडून ताहोच्या खोऱ्यात उतरला. तो २ लाख २१ हजार एकरांहून जास्त पसरला. ३० ऑगस्टला साउथ लेक ताहो हे अख्खं शहर रिकामं करायचा आदेश निघाला आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. या खोऱ्यातून बाहेर पडायला मोजकेच रस्ते आहेत. त्यामुळे उन्हाळ्यात ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ जाहीर झाली असेल, तर बेत बदलणं शहाणपणाचं.

परवानगी असलेली शेकोटीही विझवायची पद्धत आहे. पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा पाणी ओता आणि हात जवळ नेऊन बघा. गरम लागतंय म्हणजे विझलेली नाही. फटाक्यांना पूर्ण बंदी आहे.

बोट पाण्यात उतरवण्याआधी तपासणी कशासाठी?

लेक ताहोची ओळख म्हणजे त्याचं पारदर्शक पाणी आणि ते मोजण्याची पद्धत फार साधी आहे. पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती कुठवर दिसते ते बघायचं. १९६८ पासून हे मोजमाप सातत्यानं सुरू आहे. त्या वर्षी थाळी सरासरी १०२.४ फुटांपर्यंत दिसत होती. २०२४ ची सरासरी होती ६२.३ फूट.

म्हणजे ५६ वर्षांत सुमारे ४० फुटांची पारदर्शकता गेली. रस्ते आणि बांधकामांवरून वाहून येणारी बारीक माती, तसंच पोषकद्रव्यांवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ ही त्याची मुख्य कारणं. सरोवराला ६३ ओढे-नद्या येऊन मिळतात, बाहेर पडणारी नदी मात्र एकच, ट्रकी. आत आलेली घाण सहज वाहून जात नाही.

या पार्श्वभूमीवर काही नियम बघा. न जळलेलं इंधन पाण्यात सोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनांवर १९९९ पासून बंदी आहे. बाहेरून आणलेली मोटरबोट २००८ पासून तपासणी केल्याशिवाय पाण्यात उतरवता येत नाही. कारण बोटीच्या तळाला चिकटून किंवा आत साचलेल्या पाण्यातून परके शिंपले येऊ शकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन बंदरात ‘गोल्डन मसल’ हा शिंपला उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच सापडला, तेव्हापासून तपासणी आणखी कडक झाली आहे. एकदा असे शिंपले सरोवरात रुजले की, त्यांना समूळ काढणं जवळपास अशक्य असतं.

तुमच्याकडे कयाक किंवा हवा भरायचा पॅडलबोर्ड असेल, तरी तीन शब्द लक्षात ठेवा: स्वच्छ करा, निथळा, वाळवा. दुसऱ्या तलावात वापरलेली वस्तू ओली असताना इथे उतरवू नका.

कचऱ्याचं उदाहरण तर डोळ्यात अंजन घालणारं आहे. ४ जुलै २०२३ च्या सुट्टीनंतर दुसऱ्या दिवशी स्वयंसेवकांनी ताहोच्या किनाऱ्यांवरून ८,५५९ पौंड, म्हणजे जवळपास ३,९०० किलो कचरा उचलला. त्यातला सर्वाधिक कचरा नेवाडाच्या बाजूच्या एकाच किनाऱ्यावर होता. पुढच्या वर्षी त्या किनाऱ्यावर व्यवस्थापन कडक केलं आणि कचरा खूपच कमी झाला. साबणानं भांडी धुणं, उरलेलं अन्न टाकणं तर चालत नाहीच. पूजेची फुलं, दिवे किंवा निर्माल्य पाण्यात सोडणंही इथे कचरा टाकण्यात मोडतं.

व्हायरल दावे आणि वस्तुस्थिती

दावा १: प्रसिद्ध समुद्र संशोधक जॅक कूस्तो यांनी ताहोच्या तळाशी असंख्य न कुजलेले मृतदेह पाहिले आणि ते घाबरून परतले.
वस्तुस्थिती: कूस्तो यांनी ताहोमध्ये अशी डुबकी मारल्याचा कोणताही पुरावा नाही. ही दंतकथा आहे. मात्र तिच्यामागे विज्ञानाचा थोडा अंश आहे. खोल पाणी अतिशय थंड असल्यानं कुजण्याची क्रिया मंदावते आणि बुडालेलं शरीर वर येतंच असं नाही. १९९४ मध्ये बेपत्ता झालेल्या एका डायव्हरचा मृतदेह २०११ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी सापडला होता.

दावा २: पाणी इतकं स्वच्छ आहे की थेट पिता येतं.
वस्तुस्थिती: पारदर्शक म्हणजे निर्जंतुक नव्हे. डोंगरातल्या झऱ्यांमध्ये आणि सरोवरांमध्ये पोट बिघडवणारे जिआर्डियासारखे परजीवी असू शकतात. पाणी उकळून किंवा योग्य फिल्टर वापरूनच प्या.

दावा ३: ताहो कधीच गोठत नाही, म्हणजे पाणी फार थंड नसणार.
वस्तुस्थिती: मुख्य सरोवर गोठत नाही, ते त्याची खोली, प्रचंड पाणीसाठा आणि सतत होणारं मिश्रण यांमुळे. हिवाळ्यात वरचं पाणीही ५ अंशांच्या आसपास असतं. उथळ, आडोशाचा एमराल्ड बे मात्र कडाक्याच्या थंडीत गोठल्याची उदाहरणं आहेत.

जाण्याआधी ही यादी बघा

१. कॅम्पसाइटचं बुकिंग कॅलिफोर्निया राज्याच्या आरक्षण यंत्रणेवर सहा महिने आधी खुलं होतं. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा झपाट्यानं संपतात. ऐन वेळी जाऊन जागा मिळेल या भरवशावर राहू नका.

२. एमराल्ड बेचं पार्किंग सकाळीच भरतं. हायवेच्या कडेला पांढऱ्या रेषेच्या आत गाडी लावली तर दंड होतो, गाडी उचलूनही नेली जाते. अरुंद रस्त्यावर अशी एक गाडी रुग्णवाहिकेची वाट अडवू शकते.

३. हवामान फक्त ऊन-पावसासाठी बघू नका. वाऱ्याचा वेग आणि सरोवरावरच्या लाटांचा इशारा बघा. सकाळचं शांत पाणी दुपारची हमी देत नाही.

४. बोट किंवा कयाक भाड्यानं घेताना प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट मागा. आई-बाबांचं, स्वतःचं, सगळ्यांचं. ढिलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. पट्टे आवळून, खांद्याला धरून वर ओढून बघा.

५. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ आहे. स्पीकर बंद.

६. काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधीच डाउनलोड करा. कुठे जाताय आणि कधी परतणार, हे मागे राहिलेल्या कुणाला तरी सांगून ठेवा. आपत्कालीन क्रमांक ९११.

७. परतताना पिशवीत तुमचा सगळा कचरा असला पाहिजे. दगड, पाइनची फळं, पाण्याखालच्या वस्तू यातलं काहीही घरी आणायचं नाही.

या यादीतल्या बहुतेक गोष्टी मोडल्या तर दंड होतो. मोठ्या माणसानं लाइफ जॅकेट बोटीत ठेवलं आणि घातलं नाही, तर मात्र बहुतेक बोटींवर कुणीही पावती फाडणार नाही. म्हणून ते घालायचं, हे काठ सोडण्याआधी घरच्यांनीच एकमेकांना सांगायला हवं.